बॅट फिरवायला (स्विंगला) उशीर होतो, कारण पाय उशिरा पडतो

पत्र

आदरणीय मॅडम, मी नागपूरला अकरावीत शिकते आणि शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते. त्याआधी दादाबरोबर कॉलनीत क्रिकेट खेळत असे. सरावात सर हळू चेंडू टाकतात तेव्हा माझे फटके चांगले बसतात. पण सामन्यात वेगवान पिचर (चेंडू टाकणारी) समोर आली की बॅट उशिरा येते आणि चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे रेषेबाहेर, फाऊल जातो, नाहीतर सरळ वर उडतो. उशीर होऊ नये म्हणून लवकर फिरवायला जावे, तर ती नेमका चेंज-अप (वेगवान भासणारा पण हळू येणारा चेंडू) टाकते आणि चेंडू पोहोचण्याआधीच बॅट निघून जाते. सर म्हणतात की माझा खांदा आधीच उघडतो, म्हणजे पिचरकडे वळतो. बाबांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात मी मागच्या पायावर रेललेली दिसते आणि डोके वर उचललेले दिसते. मामा म्हणतात, बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आण आणि जोर लाव. हल्ली सरावानंतर कंबरही दुखते. पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आहे आणि त्याआधी हलकी नवी बॅट घेऊन देतो, असे मामांनी कबूल केले आहे. मी आधी काय सुधारावे?

— एक खेळाडू, नागपूर

उत्तर

तुझे पत्र मी दोनदा वाचले. उशीर, घाई, उघडणारा खांदा, मागे रेललेले शरीर आणि उचललेले डोके असे पाच दोष तू मोजून दाखवले आहेस, आणि ते वाचून तुला स्वतःला दडपण आले असेल हे मी समजू शकते. पण माझ्या मते हे पाच दोष वेगवेगळे नाहीत. त्यांचे मूळ एकच आहे आणि ते तुझ्या पुढच्या पायात आहे. हळू चेंडूवर तुझा फटका नीट बसतो, याचा अर्थ नजर, हात आणि ताकद यांत मोठी उणीव नाही. वेग वाढला की सगळे बिघडते, याचा अर्थ स्विंग सुरू होण्याआधीची तयारी वेळेवर पुरी होत नाही. म्हणून सध्या खांद्याचा, डोक्याचा आणि बॅटच्या मार्गाचा विचार बाजूला ठेव आणि पुढचा पाय जमिनीवर केव्हा टेकतो एवढेच पाहा.

आधी थोडा हिशेब मांडते, कारण तो समजला की पुढचे पटेल. महिलांच्या फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग प्लेटपासून (जिथून पिचर चेंडू टाकते) होम प्लेटपर्यंतचे (जिच्या शेजारी तू उभी असतेस) अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर असते. पिचर चेंडू सोडताना लांब पाऊल टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडू तिच्या हातातून सुटतो तेव्हा तो तुझ्यापासून साधारण 37 फुटांवर, म्हणजे सव्वाअकरा मीटरवर असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या चेंज-अपला साधारण दोन तृतीयांश सेकंद लागतो. बॅट निघाल्यापासून चेंडूला भिडेपर्यंतचा वेळ साधारण पाव सेकंदाच्या आतला असतो. म्हणजे वेगवान चेंडू पाहायला आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायला तुझ्याकडे उरतो तो सुमारे पाव सेकंद. त्या पाव सेकंदात तुझा पाय अजून हवेतच असेल, तर वेळेचा मोठा भाग तिथेच खर्च होतो.

पाय जमिनीवर टेकल्याशिवाय कमर जोराने फिरू शकत नाही, कारण तिला वळण्यासाठी जमिनीचा आधार लागतो. आणि कमर फिरल्याशिवाय बॅटला खरा वेग येत नाही. पाय उशिरा पडला की शरीर आपोआप पळवाट शोधते. राहिलेला वेळ भरून काढण्यासाठी पुढचा खांदा झटक्याने बाहेर ओढला जातो, खांद्याबरोबर डोके वळते आणि वर उचलले जाते, आणि वजन पुढे यायला वेळच न मिळाल्याने ते मागच्या पायावर अडकून राहते. मागे रेलल्यामुळे मागचा खांदा खाली जातो, बॅट चेंडूच्या खालून निघते आणि चेंडू वर उडतो. तुझ्या सरांनी पाहिलेला खांदा आणि बाबांच्या व्हिडिओत दिसलेले डोके ही दोन्ही निरीक्षणे अगदी बरोबर आहेत. मात्र ती परिणामाची आहेत. नुसते "खांदा बंद ठेव" असे मनाशी घोकत राहिलीस, तर खांदा कदाचित बंद राहील, पण बॅट आणखी उशिरा येईल.

आता हा पाय उशिरा का पडतो, याकडे येऊ. तू क्रिकेट खेळून आली आहेस, हे तू सहज एका वाक्यात लिहिले आहेस, पण मला तुझ्या पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेतो. फलंदाज आधी टप्पा कुठे पडणार हे ओळखतो आणि मग पाय पुढे टाकायचा की मागे घ्यायचा हे ठरवतो. तिथे पाय हा निर्णयाचा भाग असतो. सॉफ्टबॉलमध्ये मारण्याजोगा चेंडू टप्पा घेतच नाही. इथे पाय प्रत्येक चेंडूला जवळजवळ त्याच जागी आणि त्याच क्षणी पडायला हवा, चेंडू वेगवान आहे की हळू हे कळण्याच्या आधीच. निर्णय नंतर कमरेने आणि हातांनी घ्यायचा असतो. तुझा पाय अजूनही चेंडू ओळखायची वाट पाहत थांबतो, असा माझा ठाम अंदाज आहे. नागपूरच्या मैदानांवर सॉफ्टबॉलकडे वळणारी बरीच मुले-मुली गल्लीतल्या क्रिकेटमधूनच येतात आणि त्यांतल्या अनेकांमध्ये ही सवय दिसते. क्रिकेटने तुला चेंडूवर नजर ठेवायला शिकवले आहे, ते जपून ठेव. फक्त पायाची सवय बदलायची आहे.

हे करायचे कसे? पिचरचा हात हेच तुझे घड्याळ समज. फास्टपिचमध्ये पिचर हात गोल फिरवते: हात समोरून वर जातो, डोक्यावरून मागे येतो आणि खाली येऊन मांडीच्या वरच्या बाजूला, कमरेजवळ चेंडू सुटतो. तिचा हात डोक्यावर पोहोचेल तेव्हा तुझे वजन अलगद मागच्या पायाच्या आतल्या कडेवर गेलेले असावे. वजन पायाच्या आतल्या कडेवरच राहू दे. ते बाहेरच्या कडेवर गेले की माणूस रेलतो आणि परत यायला उशीर होतो. तिचा हात खाली येऊ लागला की तुझा पुढचा पाय निघावा आणि चेंडू सुटल्यानंतर लगेच, त्याने एक तृतीयांश अंतर कापण्याच्या आत, पंजा जमिनीवर टेकलेला असावा. पाऊल लहान असू दे, वीतभर पुरे. लांब पाऊल टाकणाऱ्या मुलीचे डोके पावलाबरोबर खाली आणि पुढे जाते, आणि ज्या डोळ्यांनी चेंडू पाहायचा तेच हलत असल्याने चेंडू आहे त्यापेक्षा वेगवान भासतो.

पाऊल टाकताना पुढच्या पायाचा अंगठ्याखालचा भाग आधी टेकतो आणि टाच किंचित वर राहते. हा बारकावा मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण तुझ्या चेंज-अपच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पंजा टेकला म्हणजे तू तयार झालीस, पण अजून काही ठरवलेले नाही. टाच खाली दाबली जाते तेव्हा पुढचा गुडघा घट्ट होतो, कमर वळू लागते आणि तिच्यामागून हात निघतात. वेगवान चेंडूला पंजा आणि टाच यांच्यामध्ये जवळजवळ अंतर नसते. चेंज-अपला मात्र पंजा नेहमीच्याच वेळी टेकतो, टाच थोडी थांबते, आणि तेवढा वेळ हात मागच्या खांद्याजवळच राहतात. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या दोन चेंडूंमधला फरक एका सेकंदाच्या सहाव्या भागाच्या आसपास आहे, आणि एवढा वेळ टाच थांबवणे सरावाने जमते. तू आज उशीर टाळण्यासाठी सगळे शरीरच लवकर सोडून देतेस, त्यामुळे थांबायला काही शिल्लक राहत नाही. पाय लवकर आणि हात मागे, ही दोन कामे वेगळी झाली की घाई आणि उशीर हे दोन्ही दोष एकदमच कमी होतात.

उभे राहण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्या बेसकडे फाऊल जातात त्या अर्थी तू उजव्या हाताने खेळतेस, असे धरून लिहिते. पाय खांद्यांपेक्षा किंचित जास्त रुंद, गुडघे थोडे वाकलेले, वजन टाचांवर न ठेवता पंजांवर. पुढे झुकायचे ते कमरेच्या सांध्यातून; पाठीला पोक काढून झुकू नये. बॅट मुठीत न दाबता बोटांत धर, म्हणजे मनगटे मोकळी राहतात. हात मागच्या खांद्याच्या उंचीवर, छातीपासून थोडे दूर. सुरुवातीला हनुवटी डाव्या खांद्यावर असते आणि फटका पुरा झाल्यावर ती उजव्या खांद्यावर आलेली असते. डोके जागेवर राहते आणि खांदे त्याच्याखालून फिरतात. पाय वेळेवर पडू लागला की यातले बरेचसे तुला वेगळे सांगावे लागणार नाही.

मामांच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही, आणि हे त्यांना आदराने समजावून सांग. क्रिकेटची बॅट सपाट असते आणि तिची रुंदी 10.8 सेंटीमीटरपर्यंत असू शकते. सॉफ्टबॉलची बॅट गोल असते आणि तिचा व्यास नियमाने सव्वादोन इंच, म्हणजे 5.7 सेंटीमीटरच्या वर असत नाही. चेंडूही गोल, 12 इंच परिघाचा. दोन गोल वस्तूंची नेमकी भेट घडवायची तर बॅट जितका जास्त वेळ चेंडूच्या मार्गावरून जाईल तितके चांगले. तुझ्यापर्यंत येताना बहुतेक चेंडू किंचित खाली उतरत असतात, त्यामुळे बॅटनेही सुरुवातीला हातांबरोबर खाली येऊन, मग चेंडूच्या रेषेत सरळ आणि अगदी किंचित वर जात त्याला भेटावे. वरून खाली आणलेली बॅट चेंडूच्या मार्गाला एकाच बिंदूत छेदते. वेळ केसभर चुकली तरी फटका हुकतो किंवा चेंडू पायाशी आपटतो. तुझा चेंडू वर उडतो तो बॅट वर जाते म्हणून उडत नाही. मागचा खांदा पडल्याने ती चेंडूच्या फार खाली पोहोचते म्हणून उडतो. आणि जोर लावायचे म्हणशील तर दातओठ खाऊन फिरवलेल्या बॅटचा वेग उलट कमी होतो, कारण आवळलेले खांदे आणि मनगटे सैल हातांइतक्या चपळाईने फिरत नाहीत.

सरावाची सुरुवात बॅट न फिरवता कर. सरांना विनंती करून, तुमच्या संघातली सर्वांत वेगवान पिचर सराव करत असेल तेव्हा हेल्मेट घालून बॅटर्स बॉक्समध्ये (फलंदाजाने उभे राहायच्या चौकटीत) उभी राहा. प्रत्येक चेंडूला फक्त वजन मागे घे, पाऊल टाक आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाईपर्यंत नजरेने पाठलाग कर. पंजा टेकताच तोंडाने "पाय" असे म्हण. सुरुवातीचे काही दिवस हा शब्द चेंडू अर्ध्या वाटेवर आल्यावर तुझ्या तोंडून निघेल. तो चेंडू सुटण्याच्या क्षणाजवळ सरकू लागला की बदल होतो आहे असे समज. पिचरला मधूनच न सांगता चेंज-अप टाकायला सांग आणि तेव्हाही "पाय" हा शब्द त्याच क्षणी येतो का, हे शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला ऐकायला सांग. हा सराव कंटाळवाणा आहे हे मला माहीत आहे. तरी निवड चाचणीपर्यंतचा तुझा निम्मा वेळ मी यालाच देईन.

बाकीचा वेळ टी (चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा) आणि सॉफ्ट टॉस (जवळून अलगद उडवलेले चेंडू मारणे) यांना दे. घरी टी नसेल तर वाळू भरलेल्या बादलीत प्लास्टिकचा पाइप उभा करून त्याच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की काम भागते. गच्चीवर जाड कापड टांगून जुन्या मोज्यांचे घट्ट गोळे मारले तरी चालते. टीवरही पंजा टेकवून क्षणभर थांब आणि मगच टाच दाबून फिरव. हात शरीरापासून दूर फेकले जातात का, हे भिंतीजवळ कळते: बॅटची मूठ बेंबीला आणि टोक भिंतीला लावून अंतर ठरव, तिथेच उभी राहा आणि अगदी सावकाश स्विंग कर. टोक भिंतीला घासले तर हात फार लवकर लांब होत आहेत. रोज चाळीस-पन्नास स्विंग लक्ष देऊन, मध्ये विसावा घेत केलेस तर पुरे. थकल्यावर केलेले पुढचे शंभर स्विंग जुनी सवयच पक्की करतात.

बाबांना व्हिडिओ काढत राहू दे, पण जागा बदलायला सांग. तुझ्या छातीसमोरून, सुरक्षित अंतरावरून, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून आणि स्लो मोशन चालू करून काढलेला व्हिडिओ उपयोगी पडतो, आणि त्यात शक्यतो पिचरचा हातही दिसायला हवा. मग एकेक चित्र पुढे सरकवत दोनच गोष्टी शोध: चेंडू हातातून सुटला ते चित्र आणि तुझा पंजा टेकला ते चित्र. त्या दोहोंमधली चित्रे मोजून वहीत लिही. 120 चित्रे प्रति सेकंद या गतीने काढलेल्या व्हिडिओत एक चित्र म्हणजे सेकंदाचा एकशेविसावा भाग. वेगवान चेंडूला ही संख्या वीसच्या वर येत असेल तर पाय अजून उशिराच पडतो आहे. कारण वर सांगितलेले एक तृतीयांश अंतर चेंडू साधारण वीस चित्रांतच कापतो.

सामन्यात फाऊल चेंडूही वाचायला शीक. पहिल्या बेसकडे गेलेला फाऊल उशीर सांगतो आणि तिसऱ्या बेसकडे गेलेला घाई. पण चेंडू बॅटला चाटून सरळ मागे, कॅचरच्या पाठीमागच्या जाळीवर गेला, तर निराश होऊ नकोस. तिथे तुझी वेळ अचूक होती, फक्त बॅट थोडी खाली होती. अशा फाऊलनंतर पायाची वेळ मुळीच बदलायची नाही. अनेक मुली नेमक्या तिथेच घाबरून पुढच्या चेंडूला घाई करतात.

आपल्याकडच्या मैदानाचाही एक भाग आहे. नागपुरात पाऊस उघडल्यावर काळी माती आधी बुटांना चिकटते आणि वाळली की कडक होऊन भेगाळते. बॅटर्स बॉक्समध्ये मागचा पाय जिथे रुततो तिथे एकामागून एक मुली उभ्या राहून खड्डा होतो, आणि त्या खड्ड्यात उभी राहणारी मुलगी आपोआप मागे कलते. तुझ्या रेलण्यात त्याचाही वाटा असू शकेल. बॉक्समध्ये शिरल्यावर मागच्या पायाखालची माती बुटाने सपाट करून घे. पंचांची परवानगी घेऊन तेवढा वेळ शांतपणे घ्यावा. बुटांच्या खिळ्यांत अडकलेला चिखल बॅटच्या मुठीने झाडून टाक, कारण पंजा घसरला तर वर सांगितलेले सारे वाया जाते.

कमरेच्या दुखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस. पोक काढून मागे रेललेल्या अवस्थेत कमर पिळली जाते, तेव्हा पाठीच्या खालच्या भागावर जादा ताण येतो, आणि उभे राहणे सुधारले की हा ताण कमी होण्याची शक्यता आहे. तरीही आठवडाभर स्विंग बंद ठेवून नुसता उभे राहून चेंडू पाहण्याचा सराव कर. तेवढ्याने दुखणे थांबले नाही, पायात कळ किंवा मुंग्या येऊ लागल्या, किंवा रात्री दुखून झोपमोड होऊ लागली, तर निवड चाचणीचा विचार न करता आईबाबांना सांगून हाडांच्या डॉक्टरांना दाखव. वाढत्या वयातल्या पाठीच्या दुखण्यावर वेदनाशामक गोळी घेऊन खेळत राहणे मला अजिबात मान्य नाही.

राहिला नव्या बॅटचा प्रश्न. मामांचे प्रेम मोलाचे आहे, पण ही खरेदी चाचणीनंतर करावी. हलकी बॅट लवकर निघते, त्यामुळे पाय उशिरा पडूनही काही दिवस फटके बसल्यासारखे वाटतील आणि मूळ दोष झाकला जाईल. शिवाय चेंज-अपवर तू आहेस त्याहून आधी निघून जाशील. एका महिन्यात पायाची वेळ आणि बॅटचे वजन या दोन्ही गोष्टी बदलल्या, तर कोणत्या बदलाने काय झाले हे तुलाही कळणार नाही आणि सरांनाही. चाचणीनंतर मैत्रिणींच्या बॅटी घेऊन टीवर आणि वेगवान चेंडूवर फिरवून पाहा, आणि थकल्यावरही जिचे टोक खाली पडत नाही अशी बॅट निवड. सध्याच्या बॅटीची ग्रिप सुटली असेल किंवा घामाने गुळगुळीत झाली असेल, तर मामांकडून आत्ता तेवढी नवी बसवून घे.